रंगाला नावं ठेवू नका

वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला वरच्या रंगाचं कौतुक करायची चोरी असते. आमचं मूळ गाव सिन्नर तालुक्यातलं. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरीकडे निघते ती आमच्याच तालुक्यातून पुढे जाते, आणि त्या दिवशी आमच्याकडच्या चुली दिंडीसाठीच पेटतात. माझ्या गळ्यात माळ आली ती शाळेत असतानाच. नोकरी मात्र लागली सातपूरच्या एका कारखान्यात, रंगाच्या लाइनवर, आणि निवृत्त होईपर्यंत मी तिथेच होतो. सकाळी हरिपाठ म्हणायचा आणि पाळीला जाऊन पत्र्यावर रंग बसवायचा, असं आयुष्य गेलं. त्यामुळे ‘बाहेरच्या रंगात काय आहे’ हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलं असेल, तितकं फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल.

गेल्या दिवाळीनंतर सिडकोतल्या घराच्या अंगणात आमच्या जुन्या मारुती 800 ला सिल्व्हर मेटॅलिक मारायला घेतलं, तेव्हा ते पुन्हा ऐकलं. थोरले बंधू गावाहून आले होते. ओट्यावर बसून त्यांनी माझं घासकाम बराच वेळ पाहिलं.

“माळकऱ्यानं पत्र्याचा एवढा सोस करू नये,” ते म्हणाले. “‘काय भुललासी वरलिया रंगा’, हा चोखोबांचा उसाचा अभंग विसरलास काय?”

“विसरलो नाही, अण्णा. पण तो प्रश्न चोखोबांनी कुणाला विचारलाय, तेही बघायला हवं.”

“मग सांग की, कुणाला विचारलाय.”

त्यांना तेव्हा हातातलं काम न सोडता जे तुटक-तुटक सांगितलं, ते इथे नीट मांडतो. प्रश्न मोटारीपुरता नाही. बाहेरचं रूप राखणं हा मोहच आहे की तेही धर्माचं काम असू शकतं, हा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर फार झटकन दिलं जातं. देह नाशवंत, रूप भुलवणारं, आतलं तेवढं खरं. हे ऐकायला बरं वाटतं. पण ज्याने हातात पॉलिश पेपर धरून एक दार नागव्या पत्र्यापर्यंत घासलं आहे, त्याला या उत्तरात एक मोठी पोकळी दिसते.

ती कशी, ते दारापाशीच सांगतो. ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराचा खालचा कोपरा गंजला होता. तिथे आधी 80 नंबरचा पेपर लावून गंज पुरता काढला, पांढरा पत्रा दिसेपर्यंत. मग त्या जागेच्या कडा 180 आणि 320 च्या पेपरने अशा उतरवत न्यायच्या की बोट फिरवलं तर कुठे पायरी लागू नये. असं केलं की त्या उतारावर जुन्या रंगाचे सगळे थर एकामागोमाग एक उघडे पडतात. सगळ्यात वर क्लिअर, त्याला स्वतःचा रंगच नसतो. घासताना त्याचं पाणी दुधाळ येतं. त्याखाली रुपेरी बेस. तिथे पेपर पोचला की पाणी करडं होतं आणि बोटांच्या रेषांमध्ये चमकी बसते. त्याखाली राखाडी अस्तर. त्याखाली काळपट पातळ थर, जो कारखान्यात सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने बसवलेला असतो. त्याखाली फॉस्फेटची नुसती झिलई, आणि मग पत्रा. एवढे थर, आणि सगळ्यांची मिळून जाडी साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढी.

हा कोपरा अण्णांना मी जवळ बोलावून दाखवला. यात बाहेरचं कोणतं आणि आतलं कोणतं, हे बोट ठेवून सांगता येत नाही. बेस क्लिअरच्या आत आहे, पण अस्तराच्या बाहेर. अस्तर बेसच्या आत आहे, पण पत्र्याच्या बाहेर. प्रत्येक थर कुणाचं तरी आत आणि कुणाचं तरी बाहेर आहे. आणि ज्याला आपण शेवटचं, खरंखुरं ‘आत’ म्हणू, तो पत्रा जर तसाच उघडा ठेवला, तर नाशिकचा एक पावसाळा त्याला पुरे होतो. आतलं टिकलं ते बाहेरच्याने सांभाळलं म्हणून.

आपल्या परंपरेत हे कुणी पाहिलंच नाही असं नाही. तैत्तिरीय उपनिषदात माणूस असाच थराथरांनी सांगितला आहे. अन्नमय कोश, त्याच्या आत प्राणमय, मग मनोमय, विज्ञानमय आणि आनंदमय. त्याच उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगू आपल्या बापाकडे, वरुणाकडे जातो आणि ब्रह्म म्हणजे काय ते विचारतो. बाप आयतं उत्तर हातात देत नाही. तप कर म्हणतो. भृगू तप करतो आणि त्याला पहिल्यांदा समजतं की अन्न हे ब्रह्म. तो परत येतो, पुन्हा तपाला बसतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. कीर्तनात ही कथा बहुधा इथे थांबते आणि श्रोते समजतात की भृगूने एकेक पायरी खोटी म्हणून टाकून दिली. पण उपनिषद तिथे थांबत नाही. आनंदापर्यंत पोचल्यावर लगेच ते व्रत सांगतं, आणि ते व्रत अन्नाबद्दल आहे. अन्नाची निंदा करू नये, अन्नाला झिडकारू नये, अन्न वाढवावं. जो सगळ्यात आतल्या कोशापर्यंत जाऊन आला, त्याला सगळ्यात बाहेरच्या कोशाचा मान राखायला सांगितलं आहे. मला तर हा सगळ्या उपनिषदांतला फार मोठा क्षण वाटतो. जो आत पोचला नाही, तोच बाहेरच्याला नावं ठेवतो.

आता मेटॅलिककडे वळतो, कारण माझं म्हणणं साध्या रंगाने पुरतं सिद्ध होत नाही. साधा रंग, म्हणजे ज्याला आम्ही सॉलिड म्हणतो, तो झाकणारा रंग आहे. त्यातली रंगद्रव्यं खालचं पुष्कळ लपवतात. मेटॅलिकमध्ये रंगद्रव्याबरोबर ॲल्युमिनियमच्या अतिशय बारीक, चपट्या चकत्या असतात. रुंदीला दहा-वीस मायक्रॉनच्या आसपास आणि जाडीला एका मायक्रॉनहूनही कमी. डब्यात त्या तळाशी बसतात, म्हणून गनमध्ये ओतण्याआधी डबा तळापासून ढवळावा लागतो. पत्र्यावर पडल्यावर मात्र सगळी गोष्ट त्या कशा निजतात यावर असते. सपाट निजल्या तर समोरून पाहणाऱ्याला उजेड परत मिळतो आणि दार उजळ दिसतं. तेच दार तिरक्या नजरेने पाहिलं की गडद दिसतं. रंगाचा हात फार ओला पडला तर चकत्या रंगात बुडतात, उभ्या-आडव्या होतात, आणि तेवढा भाग काळवंडतो, ढग पडल्यासारखा दिसतो. हात फार कोरडा पडला तर तोच रंग फिका आणि खरखरीत होतो. गन पुढे-मागे झाली तर पट्टे उमटतात. डबा एकच, थिनर एकच, तरी एका दारावर दोन रंग.

म्हणून इथे घाई चालत नाही. मी 1.3 मिलीमीटर नोझलची, वर पेला असलेली गन वापरतो. गनपाशी हवेचा दाब दोन बारच्या आसपास ठेवतो. पत्र्यापासून वीतभर अंतर, मनगट न वळवता सगळा हात सरळ न्यायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात पातळ मारून चमक जाईपर्यंत थांबायचं. मग पुढचा हात. खालचं अस्तर दिसेनासं झालं की शेवटी दाब कमी करून, गन जरा लांब धरून, एक हलका हात धुक्यासारखा सोडायचा. त्याने वरच्या चकत्या सारख्या पसरतात आणि ढग निघून जातात. ऐकायला सोपं आहे. पण त्या शेवटच्या हाताला मन जाग्यावर नसलं की ते दारावर उमटतं. जपाची माळ ओढताना मन भरकटलं तर शेजारच्याला कळत नाही. मेटॅलिक मारताना भरकटलं तर सगळ्या गल्लीला कळतं.

आणि मेटॅलिकचा सगळ्यात मोठा गुण हा, की तो खालचं काही लपवत नाही. अस्तरावर 180 च्या पेपरचा ओरखडा राहिला असेल, तर चकत्या त्या खाचेत जाऊन बसतात आणि ओरखडा उजेडात झळकतो. लांबी, म्हणजे पुट्टी, नीट ओढलेली नसेल, तर पत्र्याचा पोचा आरशातल्यासारखा समोर येतो. म्हणून मेटॅलिकखालचं अस्तर 800 च्या पेपरपर्यंत ओल्याने घासून घ्यावं लागतं. या सगळ्या कामातला बहुतेक वेळ घासण्यात, धुण्यात, पुसण्यात, झाकण्यात आणि वाट पाहण्यात जातो. प्रत्यक्ष रंग मारणं त्या मानाने चिमूटभर. लोक शेवटी बघतात तो रंग. पण त्या रंगात दिसतं ते आधीचं, कुणी न पाहिलेलं काम.

इथे मला माझं उत्तर मिळालं. बाहेरचं रूप दोन प्रकारचं असतं. एक आतलं झाकण्यासाठी लावलेलं, आणि एक आतल्या कामातून वर आलेलं. संतांचा राग पहिल्यावर आहे. आपण मात्र दोन्ही एकाच मापाने मोजून मोकळे होतो.

पहिला प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात अपघातात चेपलेल्या दारावर जाडच्या जाड लांबी थापतात, गंजावरच रंग मारतात, वरून मेण घासतात आणि गाडी ‘एकदम ओरिजनल’ म्हणून उभी करतात. माझ्या भाच्याने अशीच एक गाडी घेतली. दुसऱ्या पावसाळ्यात चाकावरच्या कमानीला फोड आले आणि बोट लावताच रंगासकट पापुद्रा हातात आला. हल्ली रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कारखान्यातल्या रंगावर ते शंभर-सव्वाशे मायक्रॉन दाखवतं. लांबी भरली असेल तिथे आकडा कित्येक पटींनी चढतो. यंत्र नसलं तर लोहचुंबकही सांगतो, कारण लांबीवर तो धरत नाही. असा रंग म्हणजे सरळ खोटी साक्ष. कपाळाला बुक्का लावून तराजूत पाप करणाऱ्याबद्दल संतांनी जे सांगितलं, ते या रंगाला जसंच्या तसं लागू आहे.

पण त्याच्या उलट टोकालाही एक गोष्ट आहे आणि ती आपल्याच जिल्ह्यात घडली. वणीच्या सप्तशृंगगडावरची भगवती ही साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ. डोंगराच्या कातळात कोरलेली अठरा भुजांची ती मूर्ती पिढ्यान्‌पिढ्या शेंदराच्या लेपाखाली होती. 2022 साली मंदिर सुमारे दीड महिना दर्शनासाठी बंद ठेवलं आणि तो साठलेला लेप काढण्यात आला. नवरात्राच्या वेळी लोक गडावर गेले तेव्हा त्यांना देवीचं वेगळंच रूप दिसलं. आमच्या शेजारच्या एका आजींना ते पाहून रडू आलं. “जन्मभर जिच्यापुढे हात जोडले, ती आई आज दिसली,” त्या म्हणाल्या. आमच्याच आळीतल्या दुसऱ्या एका बाईंना मात्र पहिलंच रूप आपलं वाटत होतं आणि नव्या रूपाशी जमवून घ्यायला त्यांना वेळ लागला. मला दोघींचंही खरं वाटतं. तो शेंदूर कुणी लबाडीने लावला नव्हता. प्रत्येक थर श्रद्धेने लावलेला होता. तरीही थरांवर थर चढत गेले आणि खालची कोरणी दिसेनाशी झाली. म्हणजे नुसता हेतू चांगला असून भागत नाही. जुना थर न घासता त्यावर नवा चढवत राहिलं, तर भक्तीनेसुद्धा देव झाकला जातो.

शेंदराची आणखी एक बाजू रंगाच्या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असते. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं तांबडं ऑक्साइड. तेच द्रव्य तेलात कालवून कितीतरी वर्षं लोखंडी पूल आणि जहाजं यांच्यावर गंजरोधक अस्तर म्हणून मारत असत. रेड लेड प्रायमर म्हणतात ते हेच. मारुतीला तेलात कालवलेला शेंदूर आणि पुलाच्या तुळईला तेलात कालवलेला शेंदूर, द्रव्य एक. दोन्हीकडे मूळ भावना राखण्याची, असं मला वाटतं. शिसं विषारी असल्याने लोखंडावरून तो आता बराचसा मागे पडला, त्याजागी झिंक फॉस्फेटची अस्तरं आली. पण आपल्या पूर्वजांनी देवाला जे चढवलं ते संरक्षणाचं कवचही होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाहेरचा थर म्हणजे भुलवणूकच, असं त्यांनी मानलं असतं तर देवाच्या अंगाला तो लावला नसता.

गाडगेबाबांचं उदाहरण याहून थेट आहे. नाशिकला पंचवटीत त्यांची धर्मशाळा आहे, नदीवर त्यांच्या नावाचा पूल आहे. बाबा एखाद्या गावात गेले की आधी खराटा हातात घेत, गाव झाडत, आणि रात्री कीर्तन करत. देव दगडात नाही असं तोंडावर सांगणारा हा माणूस बाहेरच्या स्वच्छतेवर इतका वेळ का घालवत होता? कारण रस्त्यावरची घाण हे आतल्या बेपर्वाईचंच दिसणारं टोक आहे, हे त्यांना कळलं होतं. झाडणं हा त्यांच्या कीर्तनाचाच पहिला भाग होता.

आता चोखोबा. अण्णांचा खरा आधार तोच होता आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय माझं म्हणणं उभं राहत नाही. तो अभंग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण तो म्हणणारा कोण आणि कुठे उभा राहून म्हणतो आहे, हे आपण विसरतो. चोखोबा मंगळवेढ्याचे. जन्माने महार म्हणून त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवता येत नव्हता. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं असताना भिंत कोसळून ते गेले आणि त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर झाली, असं परंपरा सांगते. म्हणजे शेवटीही जागा मिळाली ती दाराबाहेरच. अशा माणसाने ‘वरचं रूप बघून भुलू नका’ म्हटलं, तर ते बघणाऱ्याला म्हटलं आहे. दारात उभा राहून आत कुणाला घ्यायचं आणि कुणाला नाही ते अंगावरून ठरवणाऱ्याला म्हटलं आहे. घर सारवणाऱ्या बाईला, मडक्याला झिलई देणाऱ्या कुंभाराला किंवा पत्र्याला रंग लावणाऱ्या माणसाला ते म्हटलेलं नाही. स्वतः गावकुसाची भिंत बांधायला राबलेला माणूस हाताच्या कामाला हिणवेल, हे मला पटत नाही.

हा प्रश्न नाशिकच्या दारातही विचारला गेला. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व आणि दादासाहेब गायकवाडांची मेहनत यांवर तो वर्षानुवर्षं चालला. आत ज्या रामापुढे सगळे हात जोडतात तो काळ्या पाषाणाचा, मंदिरही काळ्या दगडाचं, आणि दारं बंद ठेवली ती माणसांची जात पाहून. दारं उघडली नाहीत. 13 ऑक्टोबर 1935 ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. पुढे 1948 साली अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला इंग्रजी ग्रंथ त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, नंदनार, रविदास आणि चोखामेळा. चोखोबांचा प्रश्न खरा कुणासाठी होता, हे काळारामाच्या दारात जसं कळतं तसं दुसरीकडे कळणार नाही. तो अभंग रोज गाणारी माणसं त्या दारात आडवी उभी होती, याचं दुःख मला वारकरी म्हणून आजही आहे.

तेव्हा मी अण्णांना म्हणालो, चोखोबांनी मनाई केली आहे ती दुसऱ्याचा रंग पाहून त्याची किंमत करायला. आपला रंग नीट लावायला त्यांनी कुठे मनाई केली आहे?

यात एक अट मात्र मी स्वतःला घालून घेतली आहे, आणि तीही धर्माचीच आहे. आपलं रूप राखताना दुसऱ्याच्या जिवाला उपद्रव होता कामा नये. मेटॅलिकवरचा टिकाऊ क्लिअर दोन डब्यांचा असतो, क्लिअर आणि हार्डनर. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. गनमधून त्यांचा फवारा उडाला की ते श्वासात जातात आणि माणसाला कायमचा दमा लावू शकतात. कापडी रुमाल किंवा साधा मास्क त्यापुढे कुचकामी. कारखान्यात बंद बूथ असतो, हवा ओढून गाळली जाते, रंगाऱ्याला बाहेरून शुद्ध हवेची नळी असते. अंगणात यातलं काही नाही, आणि भिंतीपलीकडे शेजारचं तान्हं मूल आहे. म्हणून घरी मी हार्डनरचा क्लिअर मारत नाही. एकाच डब्याचं ॲक्रिलिक लॅकर वापरतो. ते कमी टिकतं, चमक जरा उणी असते, हे मला मान्य आहे. ज्यांना टिकाऊ क्लिअर हवा त्यांनी बेसपर्यंतचं काम घरी करून क्लिअरसाठी गाडी बूथ असलेल्या गॅरेजात न्यावी. लॅकर मारतानाही वाफा शोषणारी काडतुसं लावलेला मुखवटा हवाच. आसपास समई, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको, कारण थिनरच्या वाफेला ठिणगी पुरते.

रंगाची वेळही अशीच पाहून घ्यायची. सकाळचं दव उडालं, वारा अजून सुटलेला नाही, शेजाऱ्यांची धुणी दोरीवर आलेली नाहीत, ती वेळ धरायची. आदल्या दिवशी घरोघरी सांगून ठेवायचं. तुळशीवर चादर टाकायची. अंगणात पाण्याचा सडा मारायचा म्हणजे धूळ बसते. रंगाऱ्यांची ही जुनी रीत आहे आणि माझी आई दारात सडा घालायची तेव्हाही धूळ अशीच बसायची. उरलेलं आणि गन धुतलेलं थिनर गटारात ओतायचं नाही. सिडकोतलं गटार नंदिनीला मिळतं आणि नंदिनी गोदावरीला. ज्या गोदावरीत आपण अस्थी सोडतो, तिच्यात आपल्या गाडीचा शौक धुतला जाऊ नये. डब्यात साठवून ते रंगवाल्या गॅरेजवाल्याकडे पोचवतो, त्यांच्याकडे ते नीट गोळा करून नेलं जातं.

अण्णा दोन दिवस राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पाण्याची बादली आणि 800 चा पेपर घेतला आणि मागचा दरवाजा घासला. घासून झाल्यावर त्यांनी ओल्या पत्र्यावर तळहात फिरवला आणि डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवला. डोळ्यांना न दिसणारी खाच हाताला लागते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. सगळं त्यांना पटलं असं मी म्हणत नाही. जाताना म्हणाले, “काम चांगलं आहे. फक्त मिरवू नकोस.” ही सूचना मी मान खाली घालून घेतली, कारण ती बरोबर आहे. आतल्या कामातून वर आलेला रंगसुद्धा अहंकाराने पुन्हा झाकण होऊ शकतो. अठरा भुजांवर श्रद्धेचा लेप चढू शकतो, तर माझ्या मनावर कौतुकाचा का चढणार नाही? म्हणून घासणं एकदा करून संपत नाही.

हे सगळं आत्ताच लिहावंसं वाटलं त्याला कारण आहे. 2026-27 चा सिंहस्थ कुंभमेळा आपल्या गावात आहे. अशा वेळी गाव रंगतं. भिंतींवर चित्रं येतात, पुलांचे कठडे उजळतात, चौक सजतात. त्याला माझा विरोध नाही. पाहुणा यायचा म्हटल्यावर घर रंगवणं ही आपली रीतच आहे. पण गोदावरीत नाल्यांचं सांडपाणी येत राहिलं, पानवेली तेवढ्या सणापुरत्या काढल्या आणि घाटाला नवा रंग दिला, तर ती गंजावर मारलेली रुपेरी झिलई ठरेल. दुसऱ्या पावसाळ्यात तिचे पापुद्रे निघतील आणि ते सगळ्या देशाला दिसतील. रामकुंडात डुबकी मारायला येणारा माणूस आपल्यावर विश्वास ठेवून पाण्यात उतरतो. त्याच्यापुढे खोटी साक्ष देऊ नये.

म्हणून नाशिककरांना माझं एवढंच सांगणं आहे. रंगाला नावं ठेवू नका, आणि रंगाच्या भरवशावरही राहू नका. आपापल्या घरासमोरचं गटार कुठे जातं ते आधी पाहा, ते नदीत जात असेल तर विचारणा करा, तक्रार करा, दाद लागेपर्यंत मागे लागा. आधी नदी नीट होऊ द्या. घाटाला रंग मग खुशाल द्या, आणि तेव्हा तो चांगलाच द्या.